वर ये, मग सांगते

घोटाळा केला तो एका दोन अक्षरी शब्दाने. ‘वर’.

नर्स बिचारी कामाच्या घाईत होती. तिने ताईची उशी सारखी केली, नाडी पाहिली आणि जाता जाता दाराकडे तोंड करून म्हणाली, “आजी, उद्या सकाळी तुम्हाला वर न्यायचंय हं. तयार राहा.”

ऑपरेशनची खोली हॉस्पिटलच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर होती, एवढाच त्याचा अर्थ. पण कालपासून “करून टाका एकदाचं” म्हणत असलेली ताई तो शब्द ऐकताच ताडकन उठून बसली. पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं आणि म्हणाली, “मी कुठेही वर जाणार नाही. मला घरी न्या.”

लेकीने विनवण्या केल्या, रागावून पाहिलं, शेवटी रडूनही पाहिलं. ताई ढिम्म. मग लेकीने आपल्या मामाला फोन लावला.

हे मामा म्हणजे ताईचे धाकटे भाऊ. धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. भाचीचे मामा म्हणून अख्ख्या गल्लीचे मामा, आणि बोलता बोलता भल्याभल्यांना मामा बनवायचे म्हणूनही मामा. एकदा म्हणे त्यांनी बंद पडलेल्या लिफ्टच्या दोराला नुसता कान लावून सांगितलं होतं, की चौथ्या मजल्यावर नवरा-बायकोचं भांडण चाललंय. वर जाऊन पाहिलं तर खरंच चाललं होतं. मामांची विद्या अशी, की कुणी हसायच्या आत पुढे म्हणायचे, “अर्थात चौथ्या मजल्यावर मीच राहत होतो. पण भांडणाच्या वेळी मी तळघरात होतो, हे लक्षात घ्या!”

जगातल्या कोणत्याही गोष्टीचा उलगडा लिफ्टच्या शास्त्राने होतो, असा त्यांचा ठाम विश्वास होता. महागाई का वाढते, जावई का रुसतो, सर्दी डोक्यातून छातीत का उतरते, सगळं. त्यामुळे ग्रीसचे डाग पडलेल्या कपड्यांवरच ते हॉस्पिटलात शिरले तेव्हा चेहऱ्यावर काळजी कमी आणि आत्मविश्वास जास्त होता.

वॉर्डाच्या दाराशीच डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी समजावून सांगितलं, की हृदयातली एक झडप नीट मिटत नाही, रक्त मागे फिरतं, म्हणून ताईंना धाप लागते.

“म्हणजे दार लागत नाही,” मामा म्हणाले. “दार नीट लागलं नाही की लिफ्ट हलत नाही. मोटर कितीही चांगली असो.”

“अगदी तसंच,” डॉक्टरीणबाई हसल्या. मग गंभीर झाल्या. “दार बदलता येतं. पण आत्ता. आणखी काही महिने असेच गेले तर मोटरही थकेल आणि मग मी हात लावणार नाही. आज संध्याकाळपर्यंत त्यांचं ‘हो’ हवंय मला.”

“संध्याकाळ कशाला? तासाभरात घ्या,” म्हणत मामा आत गेले.

ताईची खाट खिडकीजवळ होती. तिच्या शेजारच्या खाटेवर एक निवृत्त कंडक्टरबाई होत्या. त्यांचं असलंच ऑपरेशन आठवड्यापूर्वी झालं होतं आणि आवाज तेवढा अजून बसच्या मागच्या दारापर्यंत पोचेल असा शाबूत होता. भाची खाटेच्या पायथ्याशी नाक पुसत बसली होती.

“काय गं ताई, मरणाला भ्यालीस?” मामांनी स्टूल ओढलं.

“मरणाला भिते माझी चप्पल,” ताई म्हणाली. “मरणाचं काय? आज ना उद्या.”

“मग अडलंय कुठे?”

ताईने एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा कंडक्टरबाईंकडे, आणि आवाज खाली आणून म्हणाली, “वर सासूबाई आहेत.”

 सासूबाई मामांना चांगल्याच ठाऊक होत्या. त्या काळी ताई आणि भावोजी एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर राहायचे. पुढे भावोजींचं किल्ल्या करायचं दुकान, मागे घर. सासूबाईंची खोली मात्र सगळ्यात वर, कारण त्यांना वारा लागायचा. मधल्या उभ्या पोकळीत जाळीच्या दाराची जुनी लिफ्ट होती, तिची देखभाल मामांकडेच. सासूबाई आपल्या मजल्यावरून त्या जाळीला तोंड लावायच्या आणि हाक मारायच्या. ती खाली पोचेपर्यंत प्रत्येक मजल्यावर ऐकली जायची.

“जाऊन किती वर्षं झाली त्यांना!” मामा म्हणाले.

“शेवटच्या दिवशी मी त्यांच्या उशाशी होते,” ताई म्हणाली. “खोलीभर माणसं. माझ्याकडे बघितलं, असं बोट केलं आणि म्हणाल्या, ‘वर ये, मग सांगते.’ आणि गेल्या. त्याच्या आदल्या दिवशीच आमचं कडाक्याचं वाजलं होतं. त्या वाट बघतायत माझी. मी भूल दिल्यावर निसटले, तर थेट त्यांच्या तावडीत.”

कंडक्टरबाई कोपरावर उठून बसल्या. “अगंबाई! मग नका जाऊ.”

“तुम्ही गप्प बसा हो,” भाची कळवळून म्हणाली.

मामांनी बाह्या सरसावल्या. हा प्रश्न तर त्यांच्या हातचा मळ होता. “ताई, विचार शास्त्रीय हवा. जगात माणूस जन्मायला लागल्यापासून जेवढे मेले ते सगळे वर आहेत. बरोबर? राजे, शिपाई, न्हावी, सावकार, आपले सगळे पूर्वज, त्यांचे शेजारी. कुणी परत आलंय? नाही. म्हणजे गर्दी नुसती वाढतेय. त्या रेट्यात एका म्हातारीला तू सापडशील कशी? समुद्रात पडलेली टाचणी परवडली.”

ताईच्या कपाळावरची आठी जरा सैल झाली. पण कंडक्टरबाईंनी शिट्टी वाजवावी तसा शब्द टाकला.

“खोटं!”

“काय खोटं?”

“मिस्त्री, माझी हयात गर्दीत गेली. बस गच्च भरलेली असते, पाय ठेवायला जागा नसते, आणि ज्या बाईला जिचं तोंड बघायचं नाही, नेमकी तीच तिच्या शेजारच्या सीटवर येऊन बसते. रोज बघितलंय. गर्दी जितकी जास्त, तितकी ही भेट पक्की.”

“हे मात्र खरं,” ताई म्हणाली आणि आठी होती तिथे परत आली.

मामा डगमगणारे नव्हते. अनुभवाने सिद्धांत पडला तर ते मोठा सिद्धांत आणायचे.

“ठीक आहे. मग ऐका. लिफ्टच्या दोराला एका टोकाला केबिन असते आणि दुसऱ्या टोकाला वजन. हे वजन रिकाम्या केबिनपेक्षा जड असतं. लोकांना वाटतं, ब्रेक सुटला की लिफ्ट धाडकन खाली येणार. साफ चूक! रिकामी लिफ्ट ब्रेक सुटल्यावर वर जाते. खच्चून भरलेली असेल तीच खाली जाते. आता माणूस मरतो म्हणजे काय होतं?”

“काय होतं?” तिघींनी एकदम विचारलं.

“ब्रेक सुटतो.”

 समोरच्या भिंतीकडच्या दोन पेशंट बायकाही कान टवकारून बसल्या.

“हलका असेल तो सरसर वर. जड असेल तो खाली. पुण्य-पाप, न्याय-निवाडा, कशाचीही गरज नाही. नुसतं वजन. आता भावोजींचं बघ. त्या माणसाच्या मनावर कशाचं ओझं होतं? किल्ली चुकली तर दुसरी फुकट द्यायचे, वर गिऱ्हाइकाला चहा पाजायचे. कुणाचा राग नाही, कशाचा हेवा नाही. ते गेले ते थेट गच्चीवर पोचले असणार.”

ताई जरा हसली. “तसेच होते ते.”

“आणि सासूबाई? कोण कधी काय म्हणालं, कोणी कोणाची बादली वापरली, कोणत्या सुनेने कोणत्या साली खिडकी लावली नाही, सगळं मनात गच्च भरलेलं. सगळ्या इमारतीची अडगळ एका डोक्यात! ओव्हरलोड! त्या गेल्या असतील तर फार तर पहिल्या मजल्यापर्यंत. दार उघडलं की समोर भिंत.”

“आणि मी?” ताईने विचारलं.

“तू मधोमध,” मामा रंगात येऊन म्हणाले. “तुझ्या मनात थोडं आहे, पण फार नाही. तिसरा म्हण, चौथा म्हण. सासूबाई खाली, तू मध्ये, भावोजी वर. सासूबाईंचा वारासुद्धा लागायचा नाही तुला. झालं?”

त्यांनी विजयी नजरेने भाचीकडे पाहिलं. भाची मात्र आईकडे पाहत होती.

ताईचं हसू विरून गेलं होतं. “म्हणजे ह्यांचीही भेट नाही,” ती हळू आवाजात म्हणाली.

“अं?”

“हे गच्चीवर आणि मी चौथ्या मजल्यावर. मग इतकी वर्षं मी कशाच्या भरवशावर काढली? माझा वर तिकडे वर, आणि मी अधांतरी लटकलेली.” तिने पांघरूण डोक्यावरून घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं. आतून आवाज आला, “मला घरी न्या.”

“घ्या!” कंडक्टरबाई म्हणाल्या. “एक सीट रिकामी करायला सांगितली, यांनी अख्खी बस उतरवली.”

भाचीने मामांना हाताला धरून बाहेर नेलं. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि रागावली की समोरच्याचे डोळे तपासत असल्यासारखी बघायची.

“मामा, तुला जवळचं दिसतं की नाही रे? मघाशी तिला नुसती सासूची भीती होती. आता नवराही गेला हातचा. संध्याकाळपर्यंत ती ‘हो’ म्हणाली नाही ना, तर तू आणि तुझं ते वजन...” पुढचं तिला बोलवेना. ती तोंड फिरवून बाकावर बसली.

मामांनी दारातून आत ताईच्या खाटेकडे पाहिलं.  लहानपणी आई कामाला जायची तेव्हा याच ताईने त्यांना कडेवर घेऊन वाढवलं होतं, चप्पल फेकून मारली होती आणि वर स्वतःच रडली होती. तिच्या धापेचा आवाज त्यांनी आत ऐकला होता. ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं, कारण तो आवाज थकत चाललेल्या मोटरचाच होता, आणि ते त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

ते जिन्याजवळ, लिफ्टच्या दारापाशी जाऊन उभे राहिले. विचार करायला त्यांना दुसरी जागा सुचतच नसे. सिद्धांतात चूक नव्हती, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. चूक कुठेतरी तपासणीत होती.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून एक सफाईवाली कठड्यावर वाकून खालच्या मजल्यावरच्या सफाईवालीला ओरडली, “बादली परत जिन्यात? कुणी आपटून पडलं म्हणजे? अक्कल गहाण टाकलीस का गं?” शब्द दणदणत खालपर्यंत गेले. येणारी-जाणारी माणसं थबकली. खालून पुटपुटल्याचा आवाज आला. मग तीच वरची बाई, तोच कठडा, पण आवाज गोड करून म्हणाली, “बरं ऐक, जरा वर ये ना. एक गंमत सांगायचीय.”

मामांच्या डोक्यात खटका पडला. असा पडला, की त्यांनी तो ऐकला. ते तसेच वळले आणि भाचीला “चल” एवढंच म्हणून वॉर्डात शिरले.

“ताई, तोंड झाकलेलं असू दे, पण कान उघडे ठेव. एकच विचारतो. सासूबाई तुला रोज हाक मारायच्या, ‘सूनबाई, वर ये, मग सांगते.’ खरं ना?”

पांघरूण थोडं हललं. “रोज. कधी कधी दिवसातून चारदा.”

“तू वर जायचीस?”

“जाईन नाही तर काय करीन?”

“मग वर गेल्यावर काय सांगायच्या?”

 ताईने पांघरुणातून एक डोळा बाहेर काढला. “काहीबाही. समोरच्या घरात नवे पडदे लागलेत, ते खिडकीतून दाखवायच्या. रेडिओवर श्रुतिका लागायची, ती मी कामामुळे ऐकायची नाही, म्हणून अख्खी स्वतः करून दाखवायच्या. चोराचा आवाज फार छान काढायच्या. एकदा, हे अजून मला बोललेही नव्हते तेव्हा, ह्यांनी माझ्यासाठी घड्याळ घेतलंय, हे आधी मला वर बोलावून सांगितलं. म्हणाल्या, ‘दाखवेल तेव्हा दचकल्यासारखं कर.’”

“आणि रागवायच्या?”

“रागवायच्या? वाघिणीसारख्या! सगळी इमारत ऐकायची. जाळीला तोंड लावून...” ताई थांबली.

“जाळीला तोंड लावून कुठून?”

“वरून.”

“आणि तू कुठे असायचीस?”

“खाली,” ताई म्हणाली. तिने आता पांघरूण पूर्ण बाजूला केलं होतं. “रागवायच्या त्या जाळीतूनच. सगळ्यांच्या देखत. त्यासाठी वर कशाला बोलावतील?”

“एकदा तरी वर बोलावून रागावल्या?”

ताईने छताकडे पाहिलं. ती प्रामाणिक बाई होती, आठवायला वेळ लावला. “नाही,” ती म्हणाली. “वर बोलवायच्या ते चारचौघांत सांगायचं नसेल तेव्हाच.”

“आणि शेवटच्या दिवशी?”

“खोलीभर माणसं होती,” ताई म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मामा ऐटीत मागे रेलले. स्टूलला पाठ नाही हे विसरले आणि भाचीने धरलं म्हणून वाचले. “याला म्हणतात पुरावा! धमकी नव्हतीच ती.”

“मिस्त्री,” कंडक्टरबाई नाक ओढत म्हणाल्या, त्यांनाही भरून आलं होतं, “पण मग तुमच्या मजल्यांचं काय? सासूबाई तर खाली अडकल्या होत्या ना?”

“छे! सांगायला इतक्या गंमती होत्या म्हणजे मन रिकामं करायची सवय होती. राग जाळीतून खाली टाकायच्या, गंमती वर वाटायच्या. अशा बाईकडे शिल्लक काय राहणार? हलक्याफूल गेल्या असतील गच्चीवर. भावोजी तिथेच आहेत. ताईचंही ओझं आत्ता उतरलं. सगळे एका मजल्यावर. हिशेब जुळला!”

“त्यांनी नेमकं काय सांगायचं ठेवलं असेल रे?” ताई म्हणाली. तिचे डोळे चमकायला लागले होते. “मोठंच काहीतरी असणार.”

“बघा!” कंडक्टरबाई ओरडल्या. “आता ही ऐकायला घाईने निघायची!”

“ताई,” मामांचा आवाज एकदम बारीक झाला, “त्या इतकी वर्षं थांबल्यात. आणखी थांबतील. आम्ही थांबणार नाही.”

ताईने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मग लहानपणी मारायची तशी एक टपली त्यांच्या डोक्यात मारली. “कपडे तरी बदलून यायचं होतंस, खुळ्या. आणि एक सांगू? तुझी लिफ्ट बंद असली ना, की त्या मला कधीच वर बोलवायच्या नाहीत. उलट ओरडायच्या, ‘आज नको येऊस, लिफ्ट बंद आहे, पाय दुखतील!’ आणि ती तर दर आठवड्याला बंद असायची.”

“देखभालीसाठी!” मामा उसळून म्हणाले. “बिघडलेली कधीच नव्हती. देखभाल वेगळी, बिघाड वेगळा!”

“बरं बाबा, देखभाल,” ताई म्हणाली आणि लेकीकडे वळली. “बोलाव गं डॉक्टरीणबाईंना. म्हणावं, नेऊ दे वर.”

सकाळी ताईला न्यायला आले तेव्हा मामा आधीच लिफ्टपाशी हजर होते. दार कसं लागतंय ते त्यांनी दोनदा पाहिलं, केबिन मजल्याशी बरोबर जुळते की नाही ते बुटाच्या टोकाने तपासलं आणि मगच स्ट्रेचर आत घेऊ दिलं. ताईने त्यांचा हात वरच्या मजल्यापर्यंत सोडला नाही.

नंतरचा वेळ फार लांबला. भाची बाकावर, मामा उभे. त्या वेळात त्यांनी एकही सिद्धांत मांडला नाही, यावरून काय ते समजा. दुपारी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, टोपी काढली आणि मामांच्याच भाषेत म्हणाल्या, “दार लागलं. छान लागलं.” मामा भिंतीकडे वळून बराच वेळ नाक साफ करत राहिले.

ताई परत वॉर्डात आली, बोलायला लागली, तेव्हा तिला पहिला प्रश्न कंडक्टरबाईंनी केला. “मग? गेला होतात का वर?”

“निघाले होते,” ताई म्हणाली. आवाज बारीक होता, पण ठसठशीत. “तीच जाळीच्या दाराची लिफ्ट. आत मी एकटी. चढतेय, चढतेय. वरून ओळखीचा वारा आला. आणि जाळीतून हाक, ‘सूनबाई!’ मी म्हटलं, आले. तर ओरडल्या, ‘आज नको येऊस! लिफ्ट बंद आहे!’ आणि खरंच, अडकली ना मध्येच! मग आपोआप खाली आले.”

“भुलीचा परिणाम असतो तो,” डॉक्टरीणबाई नाडी बघता बघता म्हणाल्या.

“डॉक्टरीणबाई, भुलीने माणूस दिसेल, हाक ऐकू येईल,” मामा म्हणाले. ते अपमानाने लाल झाले होते. “पण लिफ्ट बंद असल्याची इतकी नेमकी तक्रार? वर चांगला माणूस नाही, दुसरं काय! देखभाल शून्य! माझ्या हाताखाली असती तर...”

“तेच म्हणाल्या त्या,” ताई म्हणाली.

“काय म्हणाल्या?”

“मी खाली यायला लागले तेव्हा मागून ओरडल्या, ‘तुझ्या त्या भावाला निरोप दे.’”

“कसला निरोप?”

ताईने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. तिचे डोळे हसत होते. “म्हणाल्या, ‘वर ये, मग सांगते.’”

 कंडक्टरबाई लगेच म्हणाल्या, “घाबरू नका मिस्त्री. रागवायचं असतं तर जाळीतूनच रागावल्या असत्या. तुम्हीच सिद्ध केलंय.”

“घाबरतोय कोण?” मामा म्हणाले आणि छाती काढून चालू लागले. “शास्त्र आहे ते!”

आणि ते खरोखरच घाबरले नव्हते. फक्त त्यानंतर लिफ्टच्या पोकळीत काम करताना कमरेला ते जिथे सुरक्षेचा एक पट्टा बांधायचे, तिथे दोन बांधायला लागले.